डोस दुप्पट केल्याने अळी मरत नाही

खरीप भरात आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘अळ्यांना औषधाची सवय झालीय. कंपन्या औषध पातळ करून विकतात. डोस दुप्पट करा, दोन-तीन औषधं एकत्र मारा, दर वेळी नवीन नावाचं घ्या.’ यात ‘औषध चालत नाही’ हा अनुभव खरा आहे. त्याची कारणं आणि सांगितलेले उपाय मात्र चुकीचे.

आधी सवयीचं. घाटेअळी अळीच्या अवस्थेत असते जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात ती काय सरावणार? औषधाला दाद न देणारा जनुकातला बदल काही मोजक्या अळ्यांत फवारणीच्या आधीपासूनच असतो. औषधाने बाकीच्या मरतात, या उरतात. त्यांचे पतंग होतात आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते. पुढे त्याच औषधाची फवारणी झाली की दर पिढीत अशांचं प्रमाण वाढतं.

कंपनी औषध पातळ करते? बनावट माल बाजारात असतो, म्हणून पक्की पावती घ्याच. पण बीटी कपाशीत विष झाडातच तयार होतं. त्यात पाणी कोण घालणार? तरीही गुजरातेत गुलाबी बोंडअळी क्राय१एसी या बीटीतल्या विषारी प्रथिनाला दाद देत नसल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. हे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मगच विष भिनतं. भारतातल्या प्रतिकारक अळ्या तपासल्या तेव्हा कॅडहेरिनचं जनुकच जागोजागी मोडलेलं सापडलं.

डोस दुप्पट करण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. ऑस्ट्रेलियातल्या घाटेअळीत शेजारशेजारच्या दोन जनुकांचे तुकडे जुळून एक नवंच जनुक तयार झालेलं आढळलं, सीवायपी३३७बी३. त्यापासून बनणारं विकर (एन्झाइम) फेनव्हॅलरेट या पायरेथ्रॉइड प्रकारच्या कीटकनाशकाचं अळीच्या शरीरातच विघटन करतं. प्रतिकार किती? ४२ पट. तिथे दुप्पट डोसाने काय साधणार? उलट मित्रकीटक मरतात. शिवाय पायरेथ्रॉइडच्या अतिवापराने कपाशीवर पांढरी माशी उसळते ते वेगळंच.

औषधांचं कॉकटेल करून मारण्याबद्दल फार बोलायला नको. दोन्ही औषधं एकाच गटातली, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणारी, असतील तर अळीच्या दृष्टीने ते एकच औषध. आणि फवारणाऱ्याच्या जिवाला काय होऊ शकतं, ते २०१७ मध्ये यवतमाळने पाहिलंय.

उरलं नवीन नाव. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेंडियामाइड ही नावं वेगळी, पण क्रियेचा गट एकच, क्रमांक २८. दोन्ही अळीच्या स्नायूंमधल्या रायनोडीन रिसेप्टर या प्रथिनावर घाव घालतात. फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात या रिसेप्टरमधलं एकच अमिनो आम्ल बदललेलं सापडलं: ४९४६ व्या जागी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक आम्ल. तेवढ्याने दोन्ही औषधं निकामी झाली. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड यांचंही तसंच. दोन्ही मज्जापेशींतल्या सोडियम मार्गिकेवर काम करतात, त्यामुळे तिथल्या एका बदलाने दोघांचाही जोर ओसरतो.

म्हणून दुकानात ब्रँड विचारण्याआधी क्रियेचा गट विचारा. डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण माणसाला किती धोका आहे ते सांगतो, गट सांगत नाही. किडीच्या एका पिढीवर ज्या गटाचं औषध मारलं, तो गट पुढच्या पिढीवर वापरायचा नाही.