तांबडा रस्सा आणि पिनो न्वार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताच्या पिनो न्वार या लाल वाइनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "चार हजार मोजून बाटली आणली. कोकम सरबतापेक्षा फिकी, वर आंबट. तांबड्या रश्श्याबरोबर तर नुसतं पाणी. चेरी, मशरूम, ओली माती हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, पेल्यात नसतं." चार हजार म्हणजे काही थोडे पैसे नव्हेत, त्यामुळे तुमचा राग रास्तच आहे आणि उत्तर सविस्तर द्यायला हवं.

फिकी म्हणजे पाणचट, हे मात्र मला मान्य नाही. लाल वाइनला रंग चढतो तो सालीचा. पिनो न्वार हे द्राक्षाचंही नाव, आणि त्याचा रस जवळजवळ बिनरंगी असतो. शॅम्पेन प्रांतात हीच काळी द्राक्षं हलक्या हाताने दाबून त्यांची पांढरी वाइन करतात. या द्राक्षाची साल पातळ, त्यामुळे तिच्यात रंग कमी आणि तुरटपणाही बेताचाच. पेला वर्तमानपत्रावर तिरका धरलात तर वाइनमधून खालची अक्षरं वाचता येतील. बर्गंडीत याला कुणी दोष मानत नाही. तुम्ही नाशिकची शिराझ पिता असं लिहिलंय. ती गडद आणि भरदार असते. त्या मापाने हिला मोजलंत तर ही कमीच पडणार.

मशरूम आणि ओल्या मातीबद्दल तुमचं बरोबर आहे. तुमच्या बाटलीत ते वास नसणारच, आणि हे मी लेखात सांगायला हवं होतं. तुमच्या लेबलवर नुसतं 'बूर्गोन्य', म्हणजे बर्गंडीचंच फ्रेंच नाव आहे. तिथल्या दर्जाची ही सगळ्यात खालची पायरी. त्यावर गावाच्या नावाच्या वाइन्स, जसं व्होल्ने किंवा जव्रे-शांबेर्तँ, मग प्रीमिए क्र्यू म्हणजे निवडक मळ्यांच्या वाइन्स, आणि सगळ्यात वर ग्राँ क्र्यूचे ३३ मळे. मशरूमचा, पाचोळ्याचा वास येतो तो चांगल्या मळ्यातली वाइन बाटलीत बरीच वर्षं मुरल्यावर. दोन वर्षांच्या साध्या बूर्गोन्यमध्ये शोधायची ती चेरी, रासबेरी आणि थोडा मसाल्याचा वास. बस्स, एवढंच.

आणखी एक चूक माझीच. 'खोलीच्या तापमानाला प्या' असं मी लिहिलं होतं. तो सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली बत्तीस अंशांवर असते आणि तेवढ्या उकाड्यात फळाचा वास दबून नाकात नुसता अल्कोहोल जातो. हिला हवेत १४ ते १६ अंश. आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर नको, फार गार झाली की आंबटपणा आणि तुरटपणाच पुढे येतो.

आता रस्सा. तांबडा रस्सा मला जीव की प्राण आहे, पण त्याच्यासमोर ही वाइन ठेवू नका. तिखटाने जीभ पेटलेली असताना अल्कोहोल ती आणखी भाजतो, आणि चेरीचा तो नाजूक गंध लाल मिरचीखाली कुठल्या कुठे जातो. त्यात दोष ना रश्श्याचा ना वाइनचा.

तिथली माणसं हिच्याबरोबर काय खातात ते बघा. बर्गंडीतल्या बोन गावात एका छोट्या खाणावळीत माझ्यापुढे मरेत आलं होतं : लाल वाइन, कांदा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आटवून केलेला जांभळट-तपकिरी सॉस, त्यात कवचाबाहेर काढून पाण्यात शिजवलेली दोन अंडी, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. चमच्याने अंडं फोडलं, पिवळा बलक सॉसमध्ये पसरला. तोंडात बलकाचा तुपकट थर बसला होता. वाइनचा घोट घेतला आणि तिच्या आंबटपणाने तो धुऊन निघाला. जीभ पुढच्या घासाला तयार. तुम्हाला खटकलेला आंबटपणा तिथे हेच काम करतो. कोंबडी वाइनमध्ये शिजवलेलं कॉक ओ व्हँ, भाजलेलं बदक, लोण्यात परतलेली मशरूम, सगळीकडे हाच हिशेब. तिथल्या एप्वास चीजबरोबरही ही वाइन पितात, पण ती जोडी मला पटत नाही. चीजच्या उग्र वासापुढे वाइन मुकी होते.

अर्धी बाटली उरली आहे म्हणालात. बूच लावून फ्रिजमध्ये असेल तर आणखी दोन दिवस निघतील. आज रात्री मशरूम लोण्यात चांगली तांबूस होईपर्यंत परता, मीठ आणि मिरपूड घाला, लाल तिखट अजिबात नको. वाइन वीस मिनिटं आधी बाहेर काढा, रुंद पोटाच्या पेल्यात तिसरा हिस्साच ओता, आणि आधी नुसता वास घ्या. तरीही कोकमच आठवलं तर तसंच इथे लिहा.