बेबी के लिए या बाबा के लिए?

गेल्या महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाची खरेदी करायला मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला गेले होते. स्वारीला हवं होतं व्हर्च्युअल पेट. तेच ते, तीन बटणांचं, साखळीला लटकणारं प्लॅस्टिकचं अंडं, ज्याच्या छोट्या पडद्यावर एक प्राणी पाळायचा असतो. आमच्या लहानपणीचं हे वेड परत आलंय.

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "बेबी के लिए या बाबा के लिए?" मुलगा आहे म्हटल्यावर समोर काळं-निळं पाकीट आलं. त्यावर डायनोसॉर, मागे विजा चमकतायत. मी म्हटलं, नको, तो गुलाबी दाखवा, सशाचा. (फर्माईश भाच्याचीच होती, माझी नाही.) तर म्हणाला, "वो बेबीवाला है मॅडम, उसमें खिलाना-सुलाना है. बाबा लोग को फायटिंग मंगता है."

मी दोन्ही पाकिटं उलटी करून वाचली. मागचा मजकूर शब्द न् शब्द तोच. खाऊ घाला, शी साफ करा, औषध द्या, झोपला की दिवा बंद करा. मेडिसिनचं स्पेलिंगसुद्धा दोन्हीकडे सारखंच चुकलेलं. फायटिंग कुठेच नाही!

गुलाबी-निळ्या रंगांवर मला फार बोलायचं नाही. त्यावर बोलून बोलून सगळ्यांचीच तोंडं दुखलीत. मला खटकतं ते वेगळं. काम एकच, पण मुलीच्या हातात दिलं की त्याला माया म्हणायचं आणि मुलाच्या हातात दिलं की ट्रेनिंग.

हे काही अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या दुकानदाराने शोधून काढलेलं नाही. मूळ खेळणं तामागोची, नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बान्दाई कंपनीने आणलं. तामागो म्हणजे अंडं, त्याला जोडलं इंग्रजी वॉच. कल्पना अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांची, आणि डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं शाळकरी मुलींचं. अंडी धडाधड खपली. मग त्याच कंपनीने जून १९९७ मध्ये मुलांसाठी वेगळं यंत्र काढलं, डिजिमॉन. गोल अंड्याच्या जागी पिंजऱ्यासारखा चौकोनी ठोकळा, आत राक्षस, आणि दोन यंत्रं एकमेकांना जोडून लढाई. झकास!

पण त्या ठोकळ्यात दिवसभर करायचं काय? राक्षसाला मांस भरवायचं. त्याची शी काढायची. तो झोपला की दिवा मालवायचा. या सगळ्यात हयगय झाली की तो मोठा होऊन भलताच कुणीतरी बनतो. म्हणजे संगोपनच की! फक्त पोराला मित्रांसमोर लाज वाटू नये म्हणून वर लढाईचं वेष्टन चढवलेलं. चार मिनिटांच्या मारामारीसाठी दिवसभर लंगोट बदलायचे, आणि ते बदलतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही. मला तर यात मुलांचीच जास्त कीव येते. मुलींना निदान उघड उघड लाड तरी करता येतात.

आमच्या घरी १९९८ साली अशी दोन अंडी आली होती. बाबांनी मनीष मार्केटमधून आणलेली, अर्थातच डुप्लिकेट. माझ्यात मांजर, धाकट्या भावाच्यात डायनोसॉर. तो चाळीत सांगत फिरायचा, "मी ह्याला फायटर बनवतोय." शाळेत बाईंनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, पीं-पीं करणारं काही वर्गात आणायचं नाही. आणि ते बंद करायचं बटणच नव्हतं. सात-आठ तास सोडून गेलं की परत येईपर्यंत मेलेलं.

मग काय, दोन्ही अंडी आईच्या पर्समध्ये.

आई मुलुंडहून फोर्टला नोकरीला जायची. लेडीज डब्यात कुणी मटार सोलतंय, कुणी मेथी निवडतंय, आणि आमची आई एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने डायनोसॉरला भरवतेय. घाटकोपरला गर्दी चढायच्या आत दोघांची शी साफ करून व्हायची. संध्याकाळी आम्हाला रिपोर्ट मिळायचा: "तुझं मांजर नीट जेवलं. ह्याचा राक्षस दुपारी आजारी होता, दोनदा औषध दिलं." भावाचा तो फायटर आईने पोसला. मांजरही तिनेच जगवलं, हे मला कबूल केलं पाहिजे. मला माया शिकवायला आणलेलं खेळणं, पण माया शिकायला मी घरी होते कुठे!

१९९७ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल या खेळण्याच्या दोन्ही जनकांना मिळालं होतं. इग नोबेल म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक. कारण काय दिलं, तर लोकांचे लाखो कामाचे तास यांनी आभासी प्राणी पाळण्याकडे वळवले. वाचून मी खूप हसले. मग मुलुंड ते व्हीटी आठवलं. तो वेळ कुठल्या हिशेबात धरला असेल कोण जाणे.

असो. गुलाबी ससाच घेतला. दुकानदाराने शेवटी "बेबी खूश हो जाएगी" म्हणत पिशवीत टाकला, मीही वाद घातला नाही. भाचा भयंकर खूश. त्याने सशाचं नाव ठेवलंय बंड्या.

शाळेत अर्थातच न्यायला बंदी. पहिल्या सोमवारी भाचा बंड्याला वहिनीच्या हातात द्यायला निघाला होता, तिची त्या दिवशी ऑडिटची गडबड, म्हणून बंड्या गेला भावाच्या खिशात. दुपारी दीड वाजता भावाचा मेसेज: "ताई, मीटिंगमध्ये आहे. हा झोपलाय, ह्याचा दिवा कसा बंद करायचा?"

मी लिहिलं, आईला विचार. तिला पाठ आहे.