‘चालून राहिलं ना, मंग कायले हात लावता?’

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. पहिल्यांदा नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका हार्डवेअरवाल्या मित्राकडून, मग आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. तिसऱ्यांदा एका सीए मॅडमकडून, ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारून. आणि चौथ्यांदा कळमन्याच्या बाजारातल्या मिरचीवाल्या शेठकडून, ज्यांच्या गाळ्यातली फायरवॉलची (इंटरनेटवरून होणारी नको ती ये-जा अडवणारी) पेटी मीच सांभाळतो. शेठनी खाली एवढंच लिहिलं होतं: ‘पाहा भाऊ.’

मेसेज बराच लांब आहे. ओपनबीएसडी म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट आणि उघड्या कोडची ऑपरेटिंग सिस्टीम; पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक बुजवणारी छोटी दुरुस्ती; आणि यंत्र कोसळू नये म्हणून केलेली दुरुस्ती ती रिलायबिलिटी फिक्स. एवढं धरून पाल्हाळ काढून टाकलं तर उरतं ते असं: ‘सर्वात सुरक्षित म्हणून मिरवणाऱ्या ओपनबीएसडीलाही एकामागून एक पॅच लागतात, म्हणजे माल मुळातच सडका. त्यातले कित्येक तर नुसते रिलायबिलिटी फिक्स, त्यांचा सुरक्षेशी संबंध नाही, सोडून द्या. कोड उघडा असल्यामुळे भोकं चोरांनाही दिसतात. फुकटच्या मालाला जबाबदार कोणी नसतो. आपल्यासारख्या छोट्या धंद्यावर कोणी हल्ला करत नाही. तेव्हा चालत्या मशीनला हात लावू नका, अपडेटनेच मशीन बसतात. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

शेवटची सूचना तेवढी लोकांनी मनापासून पाळली.

मी नागपुरात छोट्या दुकानांची, लॅबवाल्यांची, सीए लोकांची लिनक्स आणि ओपनबीएसडीची यंत्रं सांभाळतो. म्हणजे या वादात माझी रोजीरोटी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

‘पॅच जास्त, म्हणजे माल सडका.’ ओपनबीएसडीची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते. प्रत्येक आवृत्तीसोबत दुरुस्त्यांची एक जाहीर यादी असते: ००१, ००२ असे क्रमांक, तारीख, कोणत्या प्रोसेसरला लागू, आणि पुढे शेरा, सिक्युरिटी फिक्स की रिलायबिलिटी फिक्स. यादी उघड्यावर टांगलेली असते म्हणूनच मेसेज लिहिणाऱ्याला ती मोजता आली. आता घरच्या भिंतीवर इंटरनेटवाल्याने ठोकून दिलेल्या राऊटरची अशी यादी कधी पाहिलीय का, आठवून बघा. मी पाहिलेल्यांपैकी कित्येक राऊटरांना बसवल्या दिवसापासून एकही पॅच लागलेला नाही. या मेसेजच्या हिशेबाने तेच सगळ्यात मजबूत ठरतात!

आकड्यांची गंमत लिनक्समध्येही झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, मंडळी आपल्या दुरुस्त्यांना सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या जाहीर झालेल्या चुकांना जगभर वापरला जाणारा नोंदणी क्रमांक) स्वतःच देऊ लागली. जिचा सुरक्षेशी संबंध असू शकतो अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळायला लागला आणि आकडा बघता बघता हजारांत गेला. कर्नल त्या महिन्यात सडला नव्हता, नोंदवहीची पद्धत बदलली होती.

‘रिलायबिलिटी फिक्सचा सुरक्षेशी संबंध नाही.’ इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हे वाक्य मी आमच्या धंद्यातल्या जाणत्यांच्या तोंडूनही ऐकलंय. शेरा वाचायचा, सिक्युरिटी असेल तर लावायचा, रिलायबिलिटी असेल तर ‘पाहू दिवाळीनंतर’.

फेब्रुवारी २००७ मध्ये कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी ओपनबीएसडीच्या मंडळींना कळवलं, की आयपीव्ही६ ची (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) मुद्दाम वेडीवाकडी बनवलेली पॅकेट, म्हणजे डेटाची पुडकी, पाठवली की कर्नल कोसळतो. मंडळींनी काही दिवसांतच दुरुस्ती काढली. यंत्र कोसळतं, म्हणजे भरवशाचा प्रश्न, म्हणून शेरा पडला रिलायबिलिटी फिक्स. कोअरवाले तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. मार्चमध्ये त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं, की त्याच चुकीच्या वाटेने थेट कर्नलमध्ये आपल्याला हवा तो कोड लांबून चालवता येतो. शेरा बदलून सिक्युरिटी फिक्स झाला. मूळ इन्स्टॉलमध्ये इतक्या वर्षांत लांबून शिरता येईल असं एकच भोक निघालं, अशा अर्थाची ओळ ओपनबीएसडी अभिमानाने मिरवत असे. तिथे एकाचे दोन करावे लागले.

दुरुस्ती मात्र तीच होती. ज्याने शेऱ्याकडे न बघता ती आधीच लावून टाकली, त्याला मार्चमध्ये काही करावंच लागलं नाही. जो ‘दिवाळीनंतर’वाला होता, तो उघडा पडला.

असं का होतं, ते समजायला फार मोठं शास्त्र लागत नाही. बाहेरून आलेल्या डेटामुळे कर्नल कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा मेमरीत जिथे लिहायला नको तिथे काहीतरी लिहिलं गेलेलं असतं. तिथे नेमकं काय लिहायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात आलं, की कोसळण्याचा शिरकाव होतो. मधलं अंतर असतं ते कोणाच्या तरी चिकाटीचं. पॅच काढणाऱ्याने शेरा लिहिला तो त्याला त्या दिवशी जेवढं कळलं होतं त्यावरून.

बरं, शिरकाव नाहीच, नुसता भरवशाचाच प्रश्न आहे असं धरू. २.६.३२ च्या पिढीतल्या लिनक्स कर्नलांत वेळ मोजण्याच्या हिशेबात एक चूक होती. नॅनोसेकंदांचा आकडा काढताना आधी गुणाकार होई, मग भागाकार. आणि तो गुणाकार ६४ बिटांच्या घरात २०८ दिवस आणि सुमारे १२ तासांनी मावेनासा होई. मग यंत्र आडवं. दुरुस्ती २०११ च्या अखेरीस आली. या चुकीचा फटका कोणाला? जे कधी रीबूट करत नाहीत त्यांना! दोनशे दिवस बंद पडलं नाही म्हणून छाती फुगवावी, आणि २०९ व्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना पडदा काळा.

‘कोड उघडा, म्हणून भोकं चोरांनाही दिसतात.’ दिसतात, खरं आहे. पण बंद कोडची भोकंही दिसतातच. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी विंडोजचा कोड काही कोणी चौकात लावलेला नव्हता. मायक्रोसॉफ्टचा पॅच आला १४ मार्च २०१७ ला, हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये ५९ दिवस गेले. आंध्र प्रदेश पोलिसांच्या संगणकांपर्यंत त्याची झळ पोहोचली. भोक बुजवायचं साहित्य दोन महिने दारात पडून होतं, उचललं नाही एवढंच.

मेसेज लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते याहून गंभीर आहे. पॅच निघाला की भोक कुठे होतं हे जगजाहीर होतं. आधीचा कोड आणि नंतरचा कोड शेजारी ठेवला की कोणती ओळ बदलली ते दिसतं, आणि बंद प्रोग्रामच्याही दोन फाइली अशा ताडून बघणारे लोक आहेत. ओपनबीएसडीच्या मेल सर्व्हरमध्ये मे २०१८ पासून एक वाईट चूक होती; मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आज्ञा घुसवून ती थेट रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वेसर्वाच्या, अधिकाराने चालवता येत होती. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ती उघडा कोड वाचूनच शोधली. २८ जानेवारी २०२० ला पॅच आणि सगळा तपशील एकाच दिवशी बाहेर आला. पावणेदोन वर्षं ते भोक कोणाच्या ध्यानात नव्हतं. २९ तारखेला ते कोणालाही वाचता येत होतं. म्हणून ‘पॅच आलाय, बघू पुढच्या महिन्यात’ हे पॅच आलाच नसता त्यापेक्षा वाईट.

‘फुकटचा माल, जबाबदार कोण?’ पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करार एकदा शेवटपर्यंत वाचा, जबाबदारी कोणाच्या गळ्यात घातलीय ते कळेल. डिसेंबर २०१९ मध्ये क्वालिसने ओपनबीएसडीत पासवर्डशिवाय आत शिरता येण्याच्या चुका कळवल्या, तेव्हा ४० तासांच्या आत पॅच बाहेर आले होते. आणि पॅच खरा की कोणी मध्येच बदललेला, हे सही तपासून यंत्रच ठरवतं. पुढच्या आवृत्तीची सही तपासायची किल्ली आधीच्या आवृत्तीतच दिलेली असते. पुढे.

‘छोट्या धंद्यावर कोण हल्ला करतो?’ माणूस नाही करत. कळमन्यात मिरची किती आली यात रशिया-चीनमधल्या कोणाला रस नाही. पण इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत, आणि २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं साधन करून दाखवलं, ज्याने एक यंत्र, चांगली इंटरनेट लाइन आणि पाऊण तास एवढ्यात तो सगळा पसारा चाळून होतो. शेठच्या पेटीचा लॉग मी त्यांना एकदा दाखवला. रात्री दोनच्या पुढे ओळीमागून ओळ, लॉगिनसाठी कोणीतरी वापरून बघितलेली नावं: रूट, अॅडमिन, टेस्ट, उबंटू, ओरॅकल, पुन्हा रूट. कोणीतरी अंधारात प्रत्येक शटर हलवून बघत चाललंय, असं. शेठनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘हे ओरॅकल कोण होय?’

आता राहिला मेसेजचा गाभा: ‘चालत्या मशीनला हात लावू नका, अपडेटनेच मशीन बसतात.’

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते एका अपडेटनेच. ते विंडोजचं नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं होतं, आणि ते सगळीकडे एकदम सोडलं होतं. डेबियन या लिनक्सच्या घरातही २००६ मध्ये एक दुरुस्ती अशी झाली की तिने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनातून निघणाऱ्या किल्ल्यांमधला यादृच्छिकपणाच काढून टाकला. मे २००८ मध्ये उघडकीला आलं तेव्हा कळलं, की एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फार तर ३२,७६८ च वेगवेगळ्या निघू शकत होत्या. दुरुस्तीनेच केलेली वाट. मान्य.

अजून एक मुद्दा विरोधकांना मीच देतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्या साधनात कोणीतरी चोरदार बसवल्याचं निघालं. एसएसएचच्या (लांबून यंत्रात शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते खोदत गेले आणि सापडलं. चोरदार नव्याकोऱ्या ५.६.० आणि ५.६.१ मध्येच होतं. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती, ते वाचले. ‘बघा, हात नाही लावला म्हणून वाचलो!’

इथेच सगळा घोळ आहे. आपण मोबाइलवर शिकलो, की अपडेट म्हणजे सगळंच नवं: बटणं हलतात, बॅटरी उतरते, फोन रेंगाळतो. सर्व्हरवरचा पॅच तसा नसतो. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत किंवा ओपनबीएसडीच्या सिसपॅचमध्ये (पॅच लावायचं तिचं साधन) सहसा नवं काही येत नाही, असलेल्या कोडमधली तेवढी चूक दुरुस्त होते. डेबियन स्टेबलवाले एक्सझेडमधून वाचले ते महिन्याचे महिने पॅच लावत असूनही वाचले. जुनी आवृत्ती जपणं वेगळं आणि पॅच न लावणं वेगळं. कूलर जुनाच असतो, पण मार्च लागला की आपण खस बदलतो, पंपातला गाळ काढतो. गेल्या मे महिन्यात चालला होता म्हणून तसाच लावणारा नागपूरकर मला दाखवा. शिवाय ओपनबीएसडीत शेवटचा पॅच मानवला नाही तर एका आज्ञेने काढून टाकता येतो. खसचं तसं नाही.

तरी मशीन बसतातच, हा लोकांचा अनुभव आहे. तो कुठून येतो ते शेठच्याच पेटीने मला शिकवलं. त्यांच्या गाळ्यात काउंटरखाली ती पेटी, वर लाल धुळीचा थर, झाकण काढायचं तर आधी तोंडाला रुमाल. मी पॅचचं काढलं की शेठ म्हणायचे, ‘चालून राहिलं ना भाऊ? मंग कायले हात लावता?’ आणि मी, लाज वाटते पण सांगतो, ऐकत गेलो. रीबूट न होता ४१२ दिवस झाले.

मे महिन्यात दुपारी विजेची लाइन गेली. यूपीएसची बॅटरी फुगून कधीच मेली होती. लाइन आली, पेटी सुरू झाली, पण शेठचे मुनीम घरून बिलं करत ती वाट बंद. त्या उन्हात मी गाडीवरून कळमन्याला. तासभर शोधल्यावर सापडलं: ती वाट उघडणारा नियम वर्षभरापूर्वी मीच घाईत हाताने चालू केला होता आणि फाइलमध्ये लिहिलाच नव्हता. यंत्राच्या आठवणीत होता, लाइनसोबत गेला.

त्या दिवशी कोणताही पॅच लावलेला नव्हता. पण समजा मी आदल्याच आठवड्यात लावून रीबूट केला असता, तर? मुनीम, शेठ आणि कदाचित मीसुद्धा म्हणालो असतो, ‘अपडेटने बसलं.’ वर्षभर साचलेल्या चुका रीबूटच्या दिवशी बाहेर येतात आणि नाव पॅचचं होतं. महिन्याला एकदा रीबूट होत असतं तर माझी चूक महिन्याभरात सापडली असती, नियम लावल्याचं आठवत असताना.

भुर्दंड तिथेच संपला नाही. ओपनबीएसडी फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच पॅच देते, म्हणजे साधारण वर्षभर. पेटीवरची आवृत्ती केव्हाच त्याबाहेर गेली होती. वर चढायचं तर एकेक पायरी, मधली गाळता येत नाही. दोन पायऱ्या चढलो, प्रत्येक पायरीला फाइली तपासल्या, अख्खा रविवार गेला. आता महिन्यातून एका रविवारी सकाळी जातो. पॅच, रीबूट, मुनीमांना घरून एक बिल करून बघायला सांगणं. वीस मिनिटं होतात, त्यातली पाच शिंकण्यात.

आणि मॅडम, तुम्ही ‘खरं आहे का’ म्हणून विचारलं होतं. तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर उबंटू लिनक्सची २०.०४ ही आवृत्ती आहे. तिचे नेहमीचे पॅच मे २०२५ मध्येच बंद झाले. येत्या रविवारी येतो. टॅलीच्या डेटाचा बॅकअप तेवढा शनिवारी काढून ठेवा, आणि तो त्याच मशीनवर ठेवू नका.