‘पोरंच पोरांना शिकवणार, मग मास्तर कशाला?’

गेले दोन-तीन आठवडे सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक धाकट्या दिरांकडून, खाली ‘वहिनी, खरं का हे?’ असं लिहून. मेसेजचा रोख कॉलेजातल्या पीअर मेंटॉरिंगवर आहे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना अभ्यासात हात द्यायचा, त्या पद्धतीवर. आरोप साधारण असे: ज्यांना स्वतःला धड येत नाही ती पोरं दुसऱ्याला काय शिकवणार, प्राध्यापक पगार घेऊन हात झटकतात, जो तिथं जाऊन बसतो त्याच्यावर ‘ढ’ म्हणून शिक्का बसतो, हुशार पोराचा वेळ वाया जातो, वर त्याला फुकट राबवतात, सीनियर-ज्युनियर एकत्र आणणं म्हणजे रॅगिंगला आवतण, आणि हे सगळं अमेरिकेतून उचललेलं खूळ.

मी इथल्याच एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि गेली चार वर्षं आमच्या विभागात हा उद्योग सांभाळते. त्यामुळे दिरांना उत्तर देणं भाग आहे. मेसेजमधलं सगळंच चूक नाही, तेही सांगेन.

‘स्वतःला धड येत नाही’ हे आधी घेते. मेसेजचा सगळा जोर त्यावर आहे, आणि सुरुवातीला मीही हेच म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी एफ.वाय.ला जत तालुक्यातली एक मुलगी होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स पाठांतरावर काढलेलं. पहिल्या बाकावर बसायची, वही बघत राहावी इतकी नेटकी, आणि पहिल्या इंटर्नलला २० पैकी ३. तिच्या वहीत जवळजवळ प्रत्येक गणिताची पहिली ओळ एकच: ‘लेट एक्स बी अ रँडम व्हेरिएबल’. त्यातल्या ‘लेट’चं स्पेलिंग मात्र गाडी लेट झाली म्हणतो त्या ‘लेट’चं. मी वही तपासताना दर वेळी तांबड्या पेनानं ते दुरुस्त केलं. स्पेलिंगची चूक, दुसरं काय असणार?

तिच्या मेंटॉरनं, टी.वाय.च्या मुलीनं, तीच वही पाच मिनिटं चाळली आणि विचारलं, “अगं, ही ओळ तू कशासाठी लिहितेस?”

“मॅडम लिहितात ना फळ्यावर. गणिताच्या आधी लिहायची असते.”

पानाच्या डोक्यावर ‘श्री’ लिहावं तशी ती ही ओळ लिहीत होती. मेंटॉर म्हणाली, “लेट म्हणजे ‘समजा’. दहावीला ‘समजा, लहान संख्या एक्स मानू’ म्हणायचो बघ, तेच हे.”

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे ताई, एक्स काय ते आपणच ठरवायचं?”

हे ‘आपणच ठरवायचं’ मी दोन महिने फळ्यावर शिकवत होते. मेंटॉरला ते सापडलं, कारण ती स्वतः आटपाडीकडच्या मराठी शाळेतून आलेली आणि तिचाही पाय नेमका याच खड्ड्यात अडकला होता. माझा पाय अडकून सत्तावीस वर्षं झाली. खड्डा कुठं होता तेही मला आता आठवत नाही. (इंग्रजीत मेलेल्या माणसाच्या नावाआधीही हाच ‘लेट’ लावतात, म्हणजे स्पेलिंगप्रमाणे अर्थ लावायचा तर पोरगी प्रत्येक गणिताच्या आधी कैलासवासी एक्सला वंदन करत होती. स्टाफरूममध्ये यावर आम्ही पोट धरून हसलो. घरी गेल्यावर मला माझा तो तांबडा पेन आठवला.)

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूटनच्या नियमांवरचा एक साधा प्रश्न त्यांनी परोपरीनं समजावला, वर्गाचे चेहरे कोरेच. शेवटी त्यांनी मुलांना सांगितलं, आपसात बोलून बघा. वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर उमगलं. १९९१ पासून त्यांनी तासच त्या पद्धतीनं घ्यायला सुरुवात केली. मुलांना मझूरांपेक्षा जास्त भौतिकशास्त्र येत होतं असं कुणी म्हणणार नाही. पण जे मूल तो प्रश्न नुकताच सोडवून बसलेलं असतं, त्याला शेजाऱ्याचा घोळ कुठं होतोय ते चटकन दिसतं.

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी आम्ही वर्गातला पहिला आलेला मुलगा मेंटॉर केला. पोरगं सरळ, मदत करायची हौस, पण प्रत्येक शंकेवर तोंडातून निघायचं, “हे तर सोपंय.” तीन आठवड्यांत त्याच्यासमोर चिटपाखरू उरलं नाही. ज्याला सोपं म्हणून सांगितलं आणि तरी कळलं नाही, तो पुन्हा कशाला येईल? पुढच्या वर्षी आम्ही एक असा मुलगा घेतला की ज्याची याच पेपरला एटीकेटी लागली होती आणि दुसऱ्या खेपेला तो चांगल्या मार्कांनी सुटला होता. त्याच्याकडं बसायला जागा पुरेना.

मेंटॉर चुकीचं शिकवतात का? शिकवतात. एका वर्षी एका मेंटॉरनं अख्ख्या गटाला सांगितलं की सहसंबंध (दोन बदलत्या राशी सरळ रेषेत किती सोबत चालतात त्याचं माप) शून्य आला म्हणजे त्या दोन राशी, म्हणजे चलं, एकमेकांपासून स्वतंत्र. इंटर्नलच्या नऊ पेपरांत तेच वाक्य, शब्द न शब्द. हे चूक आहे. एक्सच्या किमती उणे १, ० आणि १ घ्या, तिन्हींची शक्यता सारखी, आणि वाय म्हणजे एक्सचा वर्ग. सहसंबंध शून्य येतो, पण वाय तर पुरता एक्सच्या मुठीत. तेव्हापासून दर शुक्रवारी वीस मिनिटं मेंटॉर माझ्यासमोर बसतात आणि त्या आठवड्यात कुणाला काय सांगितलं ते मला सांगतात. दुसरा नियम खडूचा: तासाला खडू ज्युनियरच्या हातात, मेंटॉरनं फळ्याकडं जायचं नाही. मेंटॉर फळ्यावर गेला की दहा मिनिटांत माझी नक्कल करायला लागतो, आणि माझी नक्कल कुणाच्या उपयोगाची नाही हे वर सांगितलंच. तिसरा नियम, ज्याला मार्क आहेत अशी असाइनमेंट तिथं उघडायचीच नाही.

आता तो ‘ढ’चा शिक्का. ही भीती खरी आहे, आणि ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनाही ती ठाऊक होती. १९७३ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या शाखेत डियाना मार्टिन यांनी असे तास सुरू केले. त्यांनी कच्ची मुलं शोधली नाहीत, अवघड विषय शोधले. ज्या पेपरात नापास होणारे किंवा मध्येच सोडून जाणारे जास्त, त्या पेपराला जादा तास, आणि तो सगळ्यांना खुला. पहिल्या नंबरानंही यावं, शेवटच्यानंही. तास घेणारा तोच पेपर चांगला सुटलेला विद्यार्थी, आणि तो प्राध्यापकाच्या वर्गात पुन्हा येऊन बसतो, म्हणजे आज काय शिकवलं ते त्याला माहीत असतं.

याहून मला पटतं ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइजमन यांचं काम. १९७० च्या दशकात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं मागे पडत होते. सहकाऱ्यांना कारणं विचारली तर ठरलेली उत्तरं: घरी वातावरण नाही, पाया कच्चा, जिद्द नाही. (आमच्या स्टाफरूममध्ये जत-आटपाडीच्या मुलांबद्दल हीच तीन वाक्यं याच क्रमानं येतात.) ट्राइजमन मुलांच्या मागं राहून ती अभ्यास कसा करतात ते पाहत बसले. मुलं कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं आधी आपापली गणितं सोडवायची आणि मग एकत्र बसून एकमेकांची तपासायची. ट्राइजमन यांनी मग कच्च्यांसाठी शिकवणी काढली नाही. एकत्र बसून नेहमीपेक्षा अवघड गणितं सोडवायची कार्यशाळा काढली आणि त्यात येणं मानाचं केलं. निकाल बदलले.

आम्ही यातून एवढंच उचललं की तासाला पेपराचं नाव दिलं. ‘प्रॉबॅबिलिटीचा तास’. ‘मार्गदर्शन वर्ग’ असं आधी लिहिलं होतं, ते पुसलं. हजेरी घरी कळवत नाही. आणि वेळ. पहिल्या वर्षी तास साडेचारला ठेवला आणि कुणी येईना. मी मुलांच्या बेफिकिरीवर बोलून मोकळी झाले. मग एका मुलानं सांगितलं, “मॅडम, कवठेमहांकाळची एसटी गेली की पुढची मिळेपर्यंत घरी पोचायला रात्र होते.” तास साडेबाराला घेतला, डब्याच्या वेळेत, डबा खातच. अर्ध्या वह्यांवर आमटीचे डाग आहेत. गर्दी आहे.

पगाराचा मुद्दा. इथं मेसेज निम्मा बरोबर आहे. कॉलेजांत जागा रिकाम्या आहेत, कितीतरी तास तासिका तत्त्वावरच्या लोकांवर चाललेत, आणि एखादी संस्था ‘आता मुलंच मुलांना शिकवतील’ म्हणून त्या जागा तशाच ठेवणार असेल, तर त्या मेसेजखाली माझीही सही घ्या. पण जिथं हे नीट चालतं तिथं प्राध्यापकाचं काम कमी होत नाही. मेंटॉर निवडा, त्यांना दोन दिवस तयार करा, शुक्रवारी बसा, वर्गात कुठं अडलं ते त्यांच्याकडून ऐका आणि पुढचा तास त्याप्रमाणे बदला. माझे आठवड्याचे तीन तास जास्त जातात. हात झटकायचे असते तर याहून सोपे मार्ग होते.

हुशार मुलाचा वेळ वाया जातो, यावर फार लिहीत नाही. आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजायचं सूत्र असतं, त्यात एन म्हणजे आकड्यांची संख्या. त्यावरून एका मेंटॉरला ज्युनियरनं विचारलं, “दादा, इथं एन नं भागायचं सोडून एन वजा एक नं का भागतात?” हा गडी तीन वर्षं तसंच भागत आला होता. त्याला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या केबिनबाहेर उभा. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

रॅगिंगवर मात्र मेसेजवाल्यांनी नियम वाचायला हवे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम आहेत. त्यातच लिहिलंय की प्रत्येक संस्थेनं स्वतःहून पुढं येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मेंटॉरिंग सेल करायचा, ६ नवीन मुलांमागं १ मेंटॉर, आणि तशा ६ मेंटॉरमागं वरच्या वर्गातला १. म्हणजे रॅगिंग रोखायचा उपाय म्हणूनच हे सांगितलं आहे. सीनियरची आणि नव्या पोराची गाठ काही केलं तरी पडणारच. ती वर्गात, दुपारी, दार उघडं ठेवून पडावी की होस्टेलवर रात्री अकराला? काळजी घ्यावी लागते हे खरंच. आमच्याकडं एकास एक बसायचं नाही, गटातच. मुलींचे फोन नंबर मेंटॉरला देत नाही. तक्रार आलीच तर ती माझ्याकडं न येता दुसऱ्या विभागाच्या मॅडमकडं जाते, कारण मेंटॉर मी निवडलेले असतात आणि मी त्यांना पाठीशी घालीन.

राहिलं अमेरिकेचं खूळ. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासजवळ सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा बघायला लागला. तिथं त्यानं एका देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. त्याला तेच करायचं होतं, पण त्याचे मास्तर तयार होईनात, तेव्हा आठ वर्षांच्या एका पोराला त्यानं धाकट्यांना शिकवायला बसवलं. १७९७ मध्ये त्याचा अहवाल लंडनला छापला गेला आणि ही तऱ्हा इंग्लंडभर ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. त्या पद्धतीत खर्च वाचवणं हा मोठा हेतू होता आणि घोकंपट्टी फार होती. मेसेजवाल्यांनी हे धरलं असतं तर मला उत्तर जड गेलं असतं. पण खूळच म्हणायचं तर ते इथून तिकडं गेलेलं आहे. आणि सांगलीकरांना कशाला परगावचे दाखले? तालमीत वस्ताद काय प्रत्येक पोराशी स्वतः झोंबतो? थोरला पैलवान धाकट्याला खेळवतो, वस्ताद कडेला बसून बघतो आणि पाय चुकला की ओरडतो. म्हणून वस्तादाचा मान कमी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

फुकट राबवण्याचा आरोप मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या मेंटॉरना वर्षाअखेर एक प्रमाणपत्र मिळतं आणि शुक्रवारी चहा. यातली दोघं सुट्टीत द्राक्षबागेत मजुरीला जातात. शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर पोरं शिकवली, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज त्याच पायावर उभं केलं. आज त्या नावाच्या योजना ठिकठिकाणी आहेत, आणि त्यात बाग शिंपणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं ही कामं बसतात. धाकट्याला प्रॉबॅबिलिटी समजावणं बसत नाही. ते बसवावं म्हणून मी दोन वर्षांपूर्वी कॉलेजात अर्ज दिला. एकदा विचारायला गेले तर सांगण्यात आलं की हे काम ‘श्रम’ या सदरात मोडतं का ते तपासावं लागेल.

भावोजी, एवढा एक मुद्दा तुम्ही खुशाल पुढं पाठवा.