टिल्डे राहिला!

‘तीन तासांत संगणकावर आवाज घडवायला शिका’ असं मी कार्यशाळेच्या जाहिरातीत लिहितो. त्यातला निम्मा वेळ आम्ही सगळे मिळून शांतता घडवतो.

प्युअर डेटा हे मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर. पडद्यावर चौकोन मांडायचे, ते तारांनी जोडायचे, की झाला प्रोग्राम; त्याला पॅच म्हणतात. “यात कोड लिहावा लागत नाही,” असं मी छातीठोकपणे सांगतो आणि पाचव्या मिनिटाला म्हणतो, “आता चौकोनात लिहा, ऑस्क, त्याला चिकटून टिल्डे, मग जागा सोडून ४४०.”

“सर, टिल्डे म्हणजे?”

ऑस्क म्हणजे सूर काढणारा चौकोन, ४४० म्हणजे त्या सुराची सेकंदाला होणारी कंपनं, आणि टिल्डे म्हणजे ती नागमोडी रेघ (~). ज्या चौकोनाच्या नावामागे ती असते, त्यातून आवाजाचा अखंड प्रवाह वाहतो. ती राहिली की चौकोनाची कडा तुटक होते आणि बिचारा मुका राहतो. हे समजायला सोपं आहे. अवघड आहे ते कीबोर्डवर ती रेघ शोधणं. कुणाच्या ती १च्या डावीकडे असते, कुणाच्या भलतीकडेच. एक काका शेवटी वैतागून म्हणाले, “उणे चिन्ह चालेल का?”

मग एडिट मोड, म्हणजे पॅच बदलायची अवस्था. तो चालू असताना आकड्याचा डबा ओढला तर आकडा ढिम्म, डबाच सरकतो. बंद असताना नवी तार जोडायला जावं तर तार निघत नाही. त्यामुळे वर्गात कुठल्याही क्षणी निम्मे लोक डबे हलवत असतात आणि उरलेले माझ्याकडे बघत असतात.

चौकोनात आकडे शिरतात त्यातलं डावं दार गरम, उजवं थंड, हे सांगताना तर माझा घसा बसतो. बेरजेच्या चौकोनात उजवीकडून आलेला आकडा मुकाट्याने आत बसून राहतो. डावीकडून कुणी आलं की मगच उत्तर बाहेर पडतं. “असं का?” या प्रश्नाला मी दरवेळी वेगळं उत्तर दिलं आहे.

परवा मात्र चमत्कार झाला. मुख्य खिडकीतल्या, आवाज चालू करणाऱ्या डीएसपीच्या चौकटीत खूण करायची राहिली होती, ती सगळ्यांनी एकदमच केली. आवाज कमी राहावा म्हणून स्पीकरला जोडण्याआधी ०.१ने गुणा, असं मी तीनदा बजावलं होतं. ते एकानेही केलेलं नव्हतं. पंधरा लॅपटॉप पूर्ण ताकदीने किंचाळले. कुणीतरी ४४०च्या जागी ४४३ लिहिलं होतं, त्यामुळे त्या किंकाळीला सेकंदाला तीन हेलकावेही होते. जवळजवळच्या दोन सुरांमुळे येणारे हे हेलकावे, म्हणजे ‘बीट्स’, मी खरं तर पुढच्या कार्यशाळेत शिकवणार होतो.

“सर, सर, आला आवाज!” सगळे हर्षभरित.

मग मागून तेच काका कानांवर हात ठेवून ओरडले, “आता बंद कसा करायचा?”

खूण जिथे केली होती ती खिडकी एव्हाना पंधराही पडद्यांवर पॅचखाली गाडली गेली होती.