जर्मनीचा दाखला देण्यापूर्वी

पुण्याच्या माझ्या आतेभावाने मध्यंतरी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक लांबलचक मजकूर टाकला. पेटंट मंजूर होण्याआधीच वाटेल त्याने उठावे आणि विरोध नोंदवावा, ही पद्धत फक्त आपल्याकडे आहे. तिच्यामुळे कंपन्या भारतात संशोधनावर पैसा लावत नाहीत. २०२४ च्या नियमांनी अशा विरोधावर शुल्क बसवले ते योग्यच झाले, असा त्याचा एकूण सूर होता. शेवटी त्याने लिहिले होते, ‘तिकडे जर्मनीत असले काही चालत नाही.’ त्याखाली घरातल्या बहुतेकांचे अंगठे उमटले. मी म्युनिकमध्ये राहतो, माझे अर्धे काम पेटंटच्या कागदपत्रांशी संबंधित आहे, पण मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. परस्पर साक्षीदार केलेच आहे, तर साक्ष देणे भाग आहे, आणि ती आतेभावाच्या बाजूने जाणारी नाही.

युरोपीय पेटंट कार्यालयाची इझार नदीकाठची काळपट इमारत माझ्या रोजच्या सायकलच्या वाटेवर आहे. तिथला नियम असा की अर्ज प्रसिद्ध झाल्यावर जगातील कोणीही, नाव न सांगता आणि एक सेंटही न भरता, त्यावर लेखी हरकत पाठवू शकतो. मंजुरीनंतर नऊ महिन्यांत रीतसर विरोध करता येतो. त्याला आठशे युरोंहून अधिक शुल्क पडते, पण तोही कोणीही करू शकतो. याच दाराने आपला कडुनिंब सुटला. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्याचे युरोपीय पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांच्याकडे होते. वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आलव्हूत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी विरोध केला, भारतातील एका उद्योजकाने असा अर्क आपण आधीपासून बनवत असल्याची साक्ष दिली, आणि २००० साली ते पेटंट रद्द झाले. २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. त्याच वर्षी संगणक प्रणालींच्या पेटंटचा मार्ग मोकळा करील अशी भीती असलेला मसुदा युरोपीय संसदेने १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला, आणि त्यामागे प्रोग्रामर, लहान उद्योजक व विद्यार्थी यांची कित्येक वर्षांची पत्रे, सह्या आणि निदर्शने होती. तेव्हा लोकांनी पेटंटच्या कामात लुडबुड करणे इथे चालत नाही, हे कोणी मला तरी सांगू नये.

फरक आहे तो वेळेचा. कडुनिंबाच्या प्रकरणात विरोध नोंदवल्यापासून अंतिम निकाल लागेपर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली आणि मधल्या काळात इथल्या कोणाच्या ताटात काही कमी पडले नाही. औषधांचेही तसेच आहे. काविळीच्या ‘सी’ प्रकारावरचे सोफोसबुविर २०१४ मध्ये इथे आले तेव्हा एका गोळीची किंमत सातशे युरो होती. वर्तमानपत्रांनी ओरड केली, पण रुग्णाने आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, फार तर दहा युरो मोजले. उरलेले क्रांकेनकासेने, म्हणजे आरोग्य विमा संस्थेने, भरले. ज्या देशात बिल दुसरे कोणी भरते, तिथे आधी पेटंट देऊन मग वाद घालत बसणे परवडते. माझ्या आईची दर महिन्याची औषधे नारायण पेठेतल्या दुकानातून येतात आणि त्यांचे पैसे घरातूनच जातात. भारतातील बहुतेक घरांची स्थिती हीच आहे. म्हणून तिथे हरकतीचे दार मंजुरीच्या आधी असणेच शहाणपणाचे आहे, आणि पेटंट कायद्याच्या २५(१) कलमाने ते तसे ठेवले आहे.

या दाराने काय साधले, हे बेडाक्विलिनच्या प्रकरणात स्वच्छ दिसते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे हे औषध जॉन्सन अँड जॉन्सनचे. मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या एका नव्या रूपावर, वेगळे पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी आणखी चार वर्षे टिकली असती. २०१९ मध्ये मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले या दोघींनी त्याला विरोध केला. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या विषारी इंजेक्शनांनी हिरावून घेतलेली. ती इंजेक्शने टाळता यावीत यासाठीच तर ही नवी गोळी हवी होती. ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी ठरल्याशिवाय त्याला पेटंट नाही, हे त्याच कायद्याचे ३(ड) कलम २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणात उचलून धरले होतेच. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने जॉन्सनचा अर्ज फेटाळला. भारतीय कंपन्यांची गोळी बाजारात येण्याची वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी क्षयाची औषधे घेणाऱ्या जागतिक खरेदी यंत्रणेसाठी खुद्द मूळ कंपनीने सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत १३० डॉलरपर्यंत उतरवली. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. या दोन तरुणींना ‘वाटेल तो माणूस’ म्हणायचे असेल, तर आतेभावाने ते त्यांच्यासमोर म्हणावे.

गैरवापर होतो, हे मी नाकारत नाही. प्रतिस्पर्धी कंपन्या भलत्याच माणसाच्या नावाने अर्ज टाकतात, एक फेटाळला की दुसरा पुढे करतात. अशा एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये विरोधकाला चांगलेच फटकारले. पण न्यायालयाकडे दंडाची तरतूद असताना सरकारने सर्वांच्याच वाटेत नाके उभारले. पूर्वी हा विरोध विनाशुल्क होता. १५ मार्च २०२४ च्या नियमांनी त्यावर शुल्क आले, आणि विरोध मुळात ऐकण्याजोगा आहे की नाही हे पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकाने आधी ठरवावे अशी चाळणीही आली. त्याच्या पाचच दिवस आधी स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी भारताचा व्यापार करार झाला होता. नोव्हार्टिसचे घर स्वित्झर्लंडमध्येच आहे. योगायोग असेल. मात्र बेनामी अर्ज टाकणाऱ्या कंपनीला हे शुल्क चहापाण्यातले, आणि एखाद्या रुग्णसंघटनेला ते महिन्याच्या खर्चातून काढावे लागणार, एवढे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

संशोधन थांबते, हा मुद्दाही तपासून पाहावा. २०२३-२४ या एका वर्षात भारताने एक लाखाहून अधिक पेटंट दिली. दार उघडे असतानाच दिली. लोकांना सोबत घेऊन संशोधन करायलाही आपण कोणाकडून शिकावे असे नाही. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये क्षयावरील औषधशोधाचा खुला प्रकल्प सुरू केला आणि शेकडो विद्यार्थ्यांनी मिळून क्षयाच्या जीवाणूच्या जनुकांची नव्याने ओळख मांडली. हळदीने जखम बरी करण्याचे अमेरिकी पेटंट त्याच संस्थेने माशेलकरांच्या कारकिर्दीत १९९७ साली रद्द करून घेतले, आणि त्यासाठी पुरावा म्हणून जुने ग्रंथ व नियतकालिके पुढे ठेवली. पुरावा शोधून आणणारा विरोधक हा परीक्षकाचा फुकटचा मदतनीस असतो. इथले परीक्षक ते जाणतात. आपल्याकडे त्याला उपद्रवी समजतात.

आता आतेभाऊ म्हणेल, तू तिकडे सुरक्षित बसून आम्हाला शिकवू नकोस. हे मला लागते, कारण त्यात तथ्य आहे. ज्या कंपनीच्या पगारावर माझे घर चालते, तिचे अर्ज भारतातही दाखल होतात. त्यांपैकी काहींवर शोधकर्ता म्हणून माझे नाव आहे, आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात आता जर्मन असे लिहिलेले असते. त्या अर्जांना कोणी विरोध केला तर मीच उत्तराचा मसुदा करायला बसेन, आणि मंजुरीनंतर आर्बाइटनेमर-एरफिंडुंगच्या, म्हणजे नोकरदारांच्या शोधांविषयीच्या, जर्मन कायद्याप्रमाणे मिळणारी रक्कमही घेईन. पासपोर्ट बदलल्यापासून मला भारतात मत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीनही घेता येत नाही. तरीही २५(१) कलम ‘कोणतीही व्यक्ती’ एवढेच विचारते. केप टाऊनच्या फुमेझाला तिथे बोलता आले, मलाही येते. ज्या देशाच्या बाबतीत बोलायचा हक्क मी जवळजवळ गमावला आहे, तिथे एवढी एक जागा शिल्लक आहे, आणि तिच्यावर माझे मन अडकले आहे, हे मी लपवत नाही. तिच्या दारावर आतेभाऊ पैसे मागायला उभा राहतो याचा राग त्यामुळे थोडा जास्तच आहे.

शुल्क ठेवायचेच असेल तर ते कंपन्यांपुरते ठेवावे. रुग्ण, शेतकरी, विद्यार्थी आणि त्यांच्या संघटना यांना ते माफ असावे. अर्जांचा सारांश मराठीत आणि इतर भारतीय भाषांत मिळावा. न्युर्नबर्ग किंवा स्टुटगार्टमध्ये कोणीही पेटंट माहिती केंद्रात जाऊन समोरच्या माणसाला विचारू शकतो. नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहेच, तिथे हरकत कशी लिहावी याचा आठवड्याचा वर्ग सुरू करणे अवघड नाही. आणि पेटंटचा देशात प्रत्यक्ष वापर किती झाला हे सांगणारे विवरणपत्र २०२४ च्या नियमांनी वर्षाऐवजी तीन वर्षांतून एकदा केले आहे, ते पुन्हा दरवर्षी मागवावे. यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबची महिन्याची किंमत २०१२ मध्ये २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आली, ती सक्तीच्या परवान्याने, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणाऱ्या सरकारी परवान्याने; आणि औषध देशातल्या रुग्णांपर्यंत पुरेसे पोचलेले नाही, हे पेटंटधारक कंपनीने स्वतः भरलेल्या त्याच विवरणपत्रांतून दिसले होते.