काळी लागली म्हणजे तपासणी संपली का?

नमस्कार. घरकुलांच्या वसाहतीआधी पुरातत्त्वीय चाचणी चर (खाली जुनी वस्ती आहे का ते बघायला खणलेले लांब, अरुंद खड्डे) घ्यावेत, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं: अडीच एकरांत जेसीबीने तीन खड्डे घेतले, तीन फुटांवर काळी माती लागली, काही निघालं नाही, मग आठवडा कशाला घालवायचा? तुम्ही गुत्तेदार आहात, उभ्या मशीनचं भाडं तुमच्याच अंगावर येतं, हे खरं. पण तपासणी झाली, हे मला पटत नाही.

अडीच एकर म्हणजे साधारण 10,000 चौरस मीटर. दोन बाय दीडचे तीन खड्डे धरले तर 9 चौरस मीटर, हजारात एक भागही नाही. 2 मीटर रुंद, 25 मीटर लांब असे दहा चर घेतले तर 5 टक्के जमीन दिसते. निम्मे उभे, निम्मे आडवे घ्यावेत, नाहीतर चरांना समांतर गेलेली भिंत मधूनच निसटते.

आता काळीबद्दल. काळी माती शेताची, पांढरी माती जुन्या गावाची, हे आपल्याकडे सगळेच जाणतात. पण जुनी वस्ती बसलेली असते काळीवरच, आणि ओढ्याकाठी पुराची काळी तिच्या डोक्यावरही चढते. म्हणून बिनदाती बकेटने दहा-दहा सेंटीमीटर माती सोलायची. राख, कोळसा, खापर दिसलं की मशीन थांबवून खुरपी हातात घ्यायची. काळी लागल्यावर चराच्या एका टोकाला मीटरभर चौरस खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा. सव्वा मीटरहून खोल जायचं तर खड्डा वरून रुंद करून, कडा पायऱ्या-पायऱ्यांनी कापूनच उतरा. सुकताना या मातीच्या कडा अचानक ढासळतात.

फसगत होते ती भेगांमुळे. उन्हाळ्यात काळी मीटरभर खोल फाटते आणि वरचं खापर तळाला जातं. खोलवर उभं अडकलेलं एकटं खापर म्हणजे वस्तीचा थर नव्हे. आडवी पसरलेली खापरं, राखेची पट्टी, चोपलेली जमीन एका पातळीत मिळाली, तर तो थर. चराची कड खुरप्याने तासा, फवारणीच्या पंपाने हलकं पाणी मारा आणि ओल आहे तोवर रंग बघा. एप्रिलमध्ये सगळं करडंच दिसतं. दिवाळीनंतरचे तीन महिने या कामाला चांगले.

तुमच्या फायद्याचंही सांगतो. जुनं धान्याचं पेव किंवा बुजवलेला आड सोललेल्या जमिनीवर गोल, मऊ डागासारखा उमटतो. त्यावर कॉलम आला तर पावसाळ्यात पाया खचतो.

"काही सापडलं की काम बंद" या भीतीने लोक माती लोटून मोकळे होतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन नगराच्या पांढरीची माती खत म्हणून शेतांत गेली. तिच्यातून निघालेल्या कितीतरी वस्तू कुठल्या थरातल्या, हे आता कधीच कळणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा उपाय साधा असतो: दोन घरं सरकवायची, किंवा थर न फोडता वर मुरमाचा भराव टाकून जोतं उचलायचं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

हे चर स्वतःच्या मनाने घेऊ नका. पुरातत्त्वीय उत्खननाला परवानगी लागते. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे अर्ज करा, आणि तो लेआउट मंजुरीला टाकण्याआधी करा. प्लॉट वाटून झाल्यावर घर सरकवायला जागाच उरत नाही.